पट्ट्यांवर पहिला नंबर

आत्या आमच्याकडे आली ती गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी, पंधरा दिवसांच्या बोलीवर. साक्रीपासून आत एका खेड्यात ती एकटी राहते. मुलगा सुरतेला कापडाच्या कामात. जळगावात पिंप्राळ्याला आमचं घर, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं घर. हा भाऊ म्हणजे माझे वडील, ज्यांना मी नाना म्हणते. पंधरा दिवस संपायच्या आत गुडघा चालण्याइतका बरा झाला, आणि तेवढ्यातच आत्याला बिबडे सापडले.

मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या कॉलनीत एका अक्कांच्या गच्चीवर दहाबारा बायका होळीनंतर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काम करतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ-मिरची-लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने पातळ थापायचा. घाटा थंड झाला की तो घट्ट होतो, थापला तर जाड येतो, वाळला तर चिरतो. घाटा कधी उतरवायचा हे बोट बुडवून सांगणारं माणूस त्या गच्चीवर नव्हतं. आत्या एकदा सहज बघायला गेली, पातेल्यात बोट घातलं आणि म्हणाली, "आजून नही." दुसऱ्या दिवसापासून अक्का तिची वाट पाहू लागल्या. बासष्ट वर्षांच्या माझ्या आत्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कामाची माणूस म्हणून बोलावत होतं, नातेवाईक म्हणून नव्हे. घरी येऊन ती नानांना बजावून सांगायची, "तिकडे माझ्यावाचून अडतं."

अडायचं ते मात्र रस्त्यावर. घाटा उतरवायची वेळ सकाळी साडेसातची. आत्या सातला घरातून निघायची. त्याच वेळी शाळेच्या व्हॅन, औद्योगिक वसाहतीच्या बस, चोपड्याकडून केळी भरून आलेले ट्रक, सहा-सहा पोरं कोंबलेल्या रिक्षा, सगळं त्या चौकात उतरतं. सिग्नल आहे, पण तो नऊला सुरू होतो; तोवर पिवळा दिवा नुसता डोळा मारत बसतो. तिसऱ्या दिवशी आत्या अर्धा तास कडेला उभी राहिली. एकदा अर्ध्यापर्यंत गेली, एका व्हॅनचा भोंगा ऐकून मागे पळाली. पोचली तेव्हा घाटा पातेल्यात दगड झाला होता आणि अक्कांनी काही न बोलता तो वाढून दिला, तेल घालून, सगळ्यांनी खाल्ला. आत्याला ते न बोलणंच लागलं.

त्या दिवशी ती घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "मना पाय चालतस वं, तुमना रस्ता चालत नही."

मी म्हटलं, "मी सोडते रोज. हात धरून नेते."

"मी काय वासरू शे, रोज दावं धरीसन लई जावाले?"

नाना हसले, तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र उचललं. मग तिने निकाल दिला. आठ दिवस बघणार. एकटीला जाता आलं तर ठीक. नाही जमलं तर धुळ्याची गाडी, तिथून साक्रीची. अक्कांना ताटकळत ठेवून कामाची माणूस म्हणवून घ्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मला ते मान्य नव्हतं. मी ज्या घरात वाढले त्या घरात असं काही मान्य करायची पद्धतच नव्हती. नानांचं छपाईचं दुकान होतं. आता तिथे लग्नपत्रिका आणि झेरॉक्स चालतं, पण माझ्या लहानपणी तिथे पत्रकं छापली जायची: नळाला पाणी नाही म्हणून, रेशनला माल नाही म्हणून, एसटीचा पास वाढला म्हणून. अंकलिपीच्या आधी मी 'बंधू-भगिनींनो' वाचायला शिकले. शाळेतून आले की पत्रकांच्या घड्या घालायच्या, शंभराचा गठ्ठा करायचा. जगातलं काहीही वाईट हे अर्ध्या कागदावर लिहून चौकात वाटलं की ते थोडं तरी हलतं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

मी रात्री बसून वाहतुकीचे नियम वाचले. वाचताना कान तापले, कारण नियम अगदी स्पष्ट होते. सिग्नल नसेल तिथे पांढऱ्या झेब्रा पट्ट्यांवर पायी माणूस असेल तर गाडीवाल्याने वेग कमी करायचा, थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. सिग्नल असेल तर लाल दिव्याला पट्ट्यांच्या अलीकडे जी आडवी रेषा असते तिच्यामागे थांबायचं. पट्ट्यांपाशी एक गाडी थांबली असेल तर मागच्याने तिला ओलांडून पुढे घुसायचं नाही. म्हणजे माझी आत्या त्या पट्ट्यांवर उभी असताना सगळ्या चौकाने थांबायला हवं होतं, आणि त्याऐवजी तीच सगळ्या चौकासाठी थांबत होती. कोणाची तरी मेहरबानी मागायची गोष्टच नव्हती. हक्क होता, तोही पांढऱ्या रंगाने रस्त्यावर लिहिलेला.

सकाळी मी नानांपुढे पत्रक ठेवलं. मथळा होता 'चाकांची दादागिरी मोडून काढा!' दोन्ही बाजूंनी भरगच्च. नानांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"यात मागण्या किती आहेत?"

"अकरा."

"मग एकही नाही." त्यांनी कागद परत केला. "आणि हे वाचणार कोण? सिग्नलला माणूस साठ सेकंद थांबतो. त्यातले तीस तो पुढच्याला शिव्या देतो."

तरी मी ते छापलं. नानांनी मशीन दिली, मत दिलं नाही. दहाच्या सुमाराला सिग्नल सुरू असताना मी चौकात उभी राहून ते वाटलं. लोक घेतात हो, जळगावचे लोक कागदाला नाही म्हणत नाहीत. एकाने त्या कागदाने आरसा पुसला. एका बाईने मुलाचं नाक पुसलं. केळीच्या ट्रकवाल्याने तो दुमडून खिडकीच्या फटीत बसवला, काच वाजत होती म्हणून. पिंप्राळ्याच्या रिक्षा स्टॉपवरचे सगळ्यात जुने चाचा मात्र रिक्षा बाजूला लावून सगळं पत्रक वाचत बसले. लहानपणी याच चाचांच्या रिक्षातून मी शाळेत गेलेय. मला बघून त्यांनी बोलावलं.

"बेटी, ये जो तूने लिखा, पट्ट्यांच्या मागे थांबायचं. मग ते पट्टे कशाला मारलेत?"

"माणसांसाठी, चाचा. ओलांडायला."

"ते आमच्यासाठी आहेत ना? पांढऱ्यावर चाक आलं की समजायचं, आता उभं राहायचं. त्याशिवाय गाडी कुठे उभी करायची हे कळणार कसं?"

मला वाटलं थट्टा करताहेत. करत नव्हते. मी बाजूच्या दोन रिक्षावाल्यांना विचारलं, एका कॉलेजच्या पोरीला विचारलं. सगळ्यांचं तेच. पट्टे म्हणजे गाड्यांची उभं राहायची जागा. रोज त्यांवर गाड्याच उभ्या दिसणार, तर माणूस दुसरं काय समजणार? घरी आत्याला विचारलं, ती कुठून ओलांडते. पट्ट्यांपासून वीस पावलं लांब, दुभाजक जिथे तुटलाय तिथून. का? तर तिने मलाच वेड्यात काढलं.

"त्या पट्टा गाडीस्ना शेतस. मानूस कसाले जाई तठे?"

म्हणजे ज्या जागी कायद्याने तिच्यासाठी सगळं थांबायला हवं ती जागा तिने गाड्यांना देऊन टाकली होती, आणि जिथे तिला कायद्याचा काही आधार नाही अशा जागी ती जीव मुठीत धरून पळत होती. गावभर हीच चूक चालली होती आणि सगळे एकमेकांशी समजुतीने ती करत होते.

चाचांचा दुसरा आक्षेप मला जास्त झोंबला. "सगळं आमच्यावरच लिहिलंस. पायी माणसाला काही कायदा नाही? मोबाइल कानाला, मध्येच उडी मारतात. अर्ध्यात येतात आणि परत पळतात. आम्ही त्यांच्या मागून गाडी काढायला जातो आणि ते मागेच येतात. तेव्हा ब्रेक कोणाच्या नशिबात?"

मला आत्या आठवली, व्हॅनच्या भोंग्यावर मागे पळणारी. पत्रकात खरंच एक ओळ नव्हती पायी माणसाच्या जबाबदारीची. पीडिताला सूचना करायच्या नाहीत, असं मला वाटलं होतं. पण रस्ता ओलांडणं हे काही मोर्चासारखं नाही. दोघांनी एकमेकांचं पुढचं पाऊल ओळखलं तरच दोघं सुखरूप राहतात.

त्या आठांतल्या चौथ्या दिवशी माझी फजिती झाली, ती सांगते. मी एका क्लासमध्ये मराठी शिकवते. साडेदहाचा तास. उशीर झाला होता, चौकात लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबला. स्कूटी थांबली ती तिसऱ्या पट्ट्यावर. माझ्या लक्षातही आलं नाही. मी घड्याळ बघत होते. तेवढ्यात समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि हलेना. वर पाहिलं तर आत्या. गच्चीवरून परतत होती, हाताला घाट्याचे पांढरे पापुद्रे. आदल्या रात्री मीच तिला बजावलं होतं, पट्ट्यांवरूनच यायचं म्हणून. ती पट्ट्यांवरूनच येत होती आणि पट्ट्यांवर मी होते.

तिने पिशवीतून पत्रक काढलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे, बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "चा-कां-ची दादागिरी मोडून काढा." मग मला विचारलं, "हाई कोनी लिखेल शे?"

मी चाकाखालच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"वाचता येस ना तुले?"

मागच्या रिक्षातून चाचा ओरडले, "ताई, फाइन लावा तिला!" आजूबाजूच्यांना काहीतरी चाललंय एवढं कळलं आणि ते हसायला लागले. मी पायांनी ढकलत स्कूटी मागे घेतली. माझ्या मागे चाचांची रिक्षा. ती मागे गेल्याशिवाय मला जागा नव्हती. त्यांनी मान बाहेर काढून मागच्याला हाक मारली, मागच्याने त्याच्या मागच्याला. ती अख्खी रांग कुरकुरत हातभर मागे सरकली. आत्या मधून निघाली, राणीसारखी म्हणणार नाही, कारण ती लंगडत होती. पण सावकाश निघाली. मागे न पाहता.

मला तास बुडाल्याचं वाईट वाटलं नाही. लाज वाटली, आणि लाजेसोबत एक गोष्ट दिसली. पहिली गाडी रेषेमागे थांबली तर मागच्यांना थांबावंच लागतं. कायदा अख्ख्या चौकाला पटवून द्यायची गरज नाही. फक्त जो पहिला आहे त्याला पटायला हवा.

हे मी संध्याकाळी स्टॉपवर जाऊन चाचांना सांगितलं. तिथे नेहमीप्रमाणे रिक्षा नंबराने लागल्या होत्या. आमच्याकडे रिक्षा स्टॉपवर नंबर म्हणजे नंबर. गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे, ओळखीचं असू दे, पावणंरावळं असू दे, पहिला नंबर ज्याचा त्याच्याच रिक्षात बसायचं. नंबर मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी स्टॉपवर कोणी चहाला विचारत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, त्यासाठी हवालदार नाही, आणि तरी आजवर मी तो मोडलेला पाहिला नाही.

चाचांनी माझं ऐकलं आणि समोरच्या रांगेतल्या पहिल्या रिक्षाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "म्हणजे पट्ट्यांवर पहिला नंबर पायी माणसाचा. असंच ना?"

"असंच."

"मग एवढं लांबलचक कशाला लिहिलंस? हे लिहायचं. नंबर मोडायचा नाही, हे इथे कोणालाही कळतं."

मी धावत घरी आले. त्या रात्री नानांनी प्रूफं तपासायचा लाल पेन हातात घेतलाच नाही. पत्रक एवढंच झालं:

*पट्ट्यांवर पहिला नंबर पायी माणसाचा. गाडीने रेषेमागे थांबावं, थांबलेल्या गाडीला ओलांडू नये. पायी माणसाने कडेला थांबून बघावं, हात करावा, सरळ चालावं, अर्ध्यातून मागे फिरू नये.*

"मागणी एक," नाना म्हणाले, "आणि दोघांकडून." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही.

चाचांनी स्टॉपवर ते वाटलं, स्वतःच्या शब्दांत आणखी काही जोडून, जे इथे छापण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सातला मी आत्याबरोबर चौकात गेले, पण हात धरायला नाही. आम्ही दोघी कडेला उभ्या राहून बघत होतो. कोणती गाडी हळू होते, कोणती होत नाही. ट्रकला थांबायला किती रस्ता लागतो. व्हॅनवाला मुलांकडे बघतो की रस्त्याकडे. आत्याचे डोळे तयार होते. घाटा कधी उतरवायचा हे ज्या नजरेने बघते त्याच नजरेने ती रस्ता बघत होती. हात करायचा म्हणजे कसा, हे मात्र तिला शिकवावं लागलं. ती हात जोडायची. मी म्हटलं, "आत्या, नमस्कार नाही. तळवा दाखव." तिला ते उद्धट वाटलं. दोन दिवस ती अर्धा हात करत राहिली, जणू हवेत कोणाला तरी हळद लावते आहे. एका रिक्षावाल्याला वाटलं ती रिक्षा बोलावतेय. तो थांबला, तिने पलीकडे जाऊन त्याला "भलं व्हवो" म्हटलं, तो डोकं खाजवत निघून गेला.

थांबलं कोण? खोटं कशाला सांगू, सगळे नाही. आमच्या स्टॉपच्या रिक्षा थांबायच्या. त्या थांबल्या की मागचं थांबायचं. मोटारसायकली कडेने घुसायच्या. सातव्या दिवशी एक हवालदार भाऊ लवकर आले होते, त्यांना मी पत्रक दिलं. त्यांनी वाचलं, म्हणाले, "हे तर आम्हीच सांगतो नेहमी." मी म्हटलं, "मग आज सातलाही सांगा." त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं, पण पट्ट्यांवर उभ्या असलेल्या एका मोटारसायकलवाल्याला शिट्टी मारून मागे घेतलं. आत्याला ते फार आवडलं नाही. ती म्हणाली, उद्या ते नसतील तेव्हा काय.

आठवा दिवस. आत्याने आदल्या रात्री पिशवी भरून दाराशी ठेवली होती: दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, सुरतेच्या मुलाने दिलेला मोबाइल आणि त्याचा चार्जर वेगळ्या कागदात गुंडाळून. मला घरी बसायला सांगितलं. "तू आली तर मी एकटी कशी?"

बरोबर होतं. मी बसले. नाना वर्तमानपत्र घेऊन बसले आणि अर्ध्या तासात पान उलटलं नाही. आमच्या घरापासून चौक दिसत नाही, भोंगे मात्र ऐकू येतात. मी आयुष्यात भोंगे इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकले नव्हते. एक लांब, कर्कश भोंगा वाजला आणि मग एकदम शांतता. मी चपला घातल्या. नाना म्हणाले, "काढ."

"नाना, पण..."

"तिने सांगितलंय ना? मग काढ."

मी चपला काढल्या. त्या तीन तासांत मी क्लासचे पेपर तपासले आणि एका मुलाला दहापैकी बारा गुण दिले.

सव्वादहाला आत्या आली. दारातली भरलेली पिशवी ओलांडून आत आली, माठातलं पाणी प्यायली, दुसऱ्यांदा प्यायली आणि मगच बोलली. पण आमच्याशी नाही. तिने आधी पिशवी उघडली, चार्जर काढला, मोबाइल लावला आणि गावातल्या शेजारणीला फोन केला. तिचा फोनवरचा आवाज असा की साक्रीपर्यंत तारेची गरज पडू नये.

"हा, मीच शे. आयक. एक जीपवाला ऊना. भोंगा वाजाडस, थांबत नही. मी पट्टास्वर व्हती. मांगे फिरनी नही. हात करा, पुरा हात. तो थांबना. खिडकीमाईन बोंबलना, मावशी, मराले जाई ऱ्हायनी का? मी सांगं, भाऊ, नंबर मना शे."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी वर्तमानपत्र आता खरंच वाचायला घेतल्यासारखं तोंडासमोर धरलं होतं. त्यामागून खुदखुद ऐकू येत होती.

पलीकडून शेजारीण काहीतरी विचारत असावी, जीपवाला कसा होता, काय म्हणाला. आत्याने ते सगळं सांगितलं, मग घाटा किती छान उतरला तेही, आज एकही बिबडा जाड आला नाही, अक्कांनी स्वतः म्हटलं वगैरे. मग आवाज थोडा खाली आला.

"तर सांगनं काय, शेळीले पानी पाजत जाय. घरले कुलूप शे ते राहू दे. आखाजीलगून येत नही मी."

पलीकडून आखाजीचं काहीतरी आलं. सणाला घरी नको का यायला, असंच असणार. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी सासरहून माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आत्या हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकत होते.

"आखाजीले बाया माहेरले येतस ना? मंग? मी तं माहेरलेच शे."

फोन ठेवून तिने पिशवीतली लुगडी काढली, कपाटात नानांच्या सदऱ्यांशेजारी जागा करायला लागली, आणि मला म्हणाली की उद्यापासून सकाळी अर्धा तास लवकर निघणार आहे. मी विचारलं, का? आता तर ओलांडता येतं.

म्हणाली, चौकात पलीकडच्या बाजूला एक म्हातारे मास्तर रोज उभे दिसतात, हातात दुधाची किटली, जायचं धाडस होत नाही त्यांचं. त्यांना तळवा कसा दाखवायचा ते शिकवायला वेळ लागेल.